इस्त्री केलेले लंगोट

कोळशाची इस्त्री मी लहानपणी आजोळच्या परटाकडे पाहिली होती. त्यानंतर ती थेट आमच्या घरात आली ती मलावीत, झोंबा शहराच्या कडेला भाड्याने घेतलेल्या घरात. लेक तेव्हा सोळा महिन्यांची होती. तिचे लंगोट, झबली, दुपटी दोरीवरून उतरली की ओसरीवरच्या टेबलावर यायची आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई प्रत्येक कपड्यावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवायच्या. शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जरा जास्त वेळ दाबून धरायच्या. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, लंगोटाला कशाला इस्त्री, राहू द्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. तो लंगोट पुरा झाल्यावर बाही वर सारून दंडावरचा एक गोल, खोलगट वण मला दाखवला.

तो वण पुत्सी माशीचा होता. ही माशी सावलीत वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर किंवा वाळूत अंडी घालते. एक ते तीन दिवसांत त्यातून अळ्या निघतात आणि कपडा अंगात घातला, कातडीची ऊब लागली, की कातडीत शिरतात. वर दिसतं ते साध्या गळवासारखं, मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. त्या छिद्रातून अळी श्वास घेते. आठ-दहा दिवसांत ती वाढते आणि बाहेर पडते. छिद्रावर व्हॅसलिनचा जाड थर दिला की श्वास कोंडून ती वर येते आणि मग हलक्या हाताने काढता येते. जीवाला धोका नसतो. पण सोळा महिन्यांच्या मुलीच्या मांडीवर अशी पाच गळवं म्हणजे काय, हे मला बाईंना विचारावं लागलं नाही. अंडी मारायचा खात्रीचा उपाय म्हणजे कडक इस्त्री. त्या दिवसापासून घरातला रुमालही इस्त्रीशिवाय कपाटात गेला नाही.

या बाईंना आम्ही 'अमायी' म्हणायचो. चिचेवा भाषेत याचा अर्थ आई, आणि कुणाही मोठ्या बाईला आदराने मारायची हाकही हीच. आम्ही तिथे मदत करायला गेलो होतो. घरातली पहिली मदत मात्र त्यांनी आम्हाला केली. पुढच्या दोन वर्षांत हे इतक्या वेळा झालं की परदेशी सेवाकार्याबद्दल आणि त्यात लहान मूल नेण्याबद्दल मी आज जे काही सांगू शकते, ते सगळं त्या टेबलापासून सुरू होतं.

नवरा सोलापूर जिल्ह्यातला, पेशाने अभियंता. एका लहान सेवाभावी संस्थेच्या हातपंप दुरुस्तीच्या कामावर २०२२ च्या मध्याला त्याची दोन वर्षांसाठी नेमणूक झाली. सोलापूरचा उल्लेख गावाच्या अभिमानापोटी करत नाही. भारतभर गावोगावी दिसणारा 'इंडिया मार्क टू' हा हातपंप १९७० च्या दशकात घडला, त्याचा आधार सोलापूर पंप होता. त्या काळात वापरात असलेल्या पंपांत तो सर्वांत टिकाऊ होता आणि तो एका स्वयंशिक्षित भारतीय मेकॅनिकने तयार केला होता. त्याआधी जालन्याच्या मिशनमध्येही अशाच पंपावर काम झालं होतं. ओतीव बिडाचे घरगुती वापराचे पंप साऱ्या गावाच्या वापराने महिन्या-दोन महिन्यांत मोडत, म्हणून दुष्काळी भागात विहिरी पाडणाऱ्या या मिशनऱ्यांनी स्वतःच पोलादी पंप बांधायला घेतले. मलावीतल्या गावांत दिसतो तो 'आफ्रिदेव' पंप. तो १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात विकसित झाला. एका पान्याने उघडता यावा, झिजलेला वॉशर किंवा नायलॉनचा बुश गावातल्या बायकांना स्वतः बदलता यावा, हा त्याच्या रचनेमागचा विचार. नवऱ्याचं काम या बायकांच्या पाणी समित्यांबरोबर होतं.

मूल नेऊ द्यायचं की नाही, हे आधी संस्था ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या नेमणुकीच्या ठिकाणांची प्रतवारी असते, आणि जिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे ती ठिकाणं 'विनाकुटुंब' म्हणून जाहीर केलेली असतात. युद्ध किंवा साथीच्या ठिकाणी माणसं पाठवणाऱ्या वैद्यकीय संस्थाही सुरुवातीच्या नेमणुकांत कुटुंब नेऊ देत नाहीत. शिक्षण, शेती, पाणी, रुग्णालय उभारणी अशा लांब मुदतीच्या कामांत मात्र कुटुंबं जातात. मुलाचा विमा, लशी, तिकिटं कोण भरणार, जोडीदाराला व्हिसा कोणता मिळणार, हे करारात लिहून घ्यावं लागतं. माझ्या व्हिसावर मला पगारी काम करता येत नव्हतं. सेवाकार्यावर गेलेल्या कितीतरी कुटुंबांत एक जण कामावर असतो आणि दुसरा घरात एकटा पडतो. त्या एकटेपणाला कुणी काम म्हणत नाही, पण कुटुंब मुदत पुरी करणार की सहा महिन्यांत परतणार, हे बहुतेक वेळा त्याच्यावर ठरतं.

'मुलावर चांगले संस्कार होतील' हे कारण मला निघताना अनेकांनी सुचवलं. गरिबी बघेल, साधेपणाने राहायला शिकेल. मला हे कारण तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर त्याचा रागच येतो. दुसऱ्याची गरिबी ही माझ्या मुलीची पाठ्यसामग्री होऊ शकत नाही. शिवाय दीड वर्षाच्या मुलाला गरिबी दिसत नाही. त्याला कोंबडी दिसते, चिखल दिसतो, दुसऱ्या मुलाच्या हातातली काठी दिसते. आम्ही तिला नेलं कारण ती आमची होती आणि आम्हाला दोन वर्षं वेगळं राहायचं नव्हतं. एवढंच कारण पुरेसं आहे, आणि ते खरं आहे.

या भागात परदेशी कुटुंबं मुलं घेऊन आली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, आणि तो इतिहास वाचताना जीव गलबलतो. मलावीचं सरोवर युरोपच्या नकाशावर आणणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची बायको मेरी फारशी कुणाला ठाऊक नसते. १८५० आणि १८५१ मध्ये तो गरोदर मेरीला आणि तीन लहान मुलांना घेऊन कालाहारीच्या वाळवंटातून गेला. पहिल्या प्रवासात मुलं तापाने फणफणली आणि परतल्यावर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच गेली. दुसऱ्या प्रवासात पाणी संपलं आणि मुलं तहानेने मरणाच्या दारात पोचली. १८५२ मध्ये त्याने कुटुंबाला ब्रिटनला पाठवून दिलं. मेरी १८६२ मध्ये आफ्रिकेत पुन्हा त्याच्याकडे आली आणि त्याच वर्षी झांबेझीच्या काठी, शुपांगा इथे तापाने वारली. त्याच्या नावाने स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये सरोवराकाठी केप मॅक्लिअरला ठाणं उभारलं, पण मलेरियाने इतकी माणसं गेली की १८८१ मध्ये ते बांदावेला आणि १८९४ मध्ये आणखी उंचावर, खोंदोवेला हलवावं लागलं. केप मॅक्लिअरला त्या मिशनऱ्यांच्या थडग्यांची छोटी रांग अजून आहे. या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. झोंबा-ब्लांटायरच्या डोंगरांत १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेला चुमा नावाचा याओ मुलगा लिव्हिंगस्टनबरोबर १८६४ मध्ये मुंबईला आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत पुढे तोच होता. कुणाचं मूल कुठे वाढेल हे त्या काळात किती वेगवेगळ्या कारणांनी ठरत होतं!

मेरीच्या मुलांमध्ये आणि माझ्या मुलीमध्ये फरक होता तो एका लहानशा गोळीचा. अ‍ॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांच्या मिश्रणाची मुलांसाठीची गोळी रोज द्यायची. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. लेकीचं वजन दहा किलोच्या आत होतं तोवर तिला पाऊण गोळी लागायची. रोज संध्याकाळी दिवा लागला की मी ब्लेडने गोळीचे चार तुकडे करायची, त्यातले तीन कुटून शेंगदाण्याच्या लोण्यात कालवायची. स्निग्ध पदार्थाबरोबर हे औषध अंगात नीट भिनतं. तासाभरात उलटी झाली तर बहुतेक औषध वाया गेलं असं धरून डॉक्टरांना विचारायचं. लांब मुक्कामाची बरीच कुटुंबं खर्चामुळे आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेफ्लोक्विनवर जातात. मोठ्यांना सर्रास दिलं जाणारं डॉक्सीसायक्लिन आठ वर्षांखालील मुलांना चालत नाही.

गोळीने काम संपत नाही. मलेरियाचा डास, अ‍ॅनोफिलिस, दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून संध्याकाळी लांब बाह्यांचे कपडे आणि रात्री औषध लावलेली मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. दीड वर्षाचं मूल झोपेत लोळतं आणि जाळीला चिकटून झोपतं. जाळीला टेकलेल्या गालाला डास बाहेरून चावू शकतो. म्हणून गादीच्या चारही बाजूंनी आम्ही गोधड्यांच्या गुंडाळ्या लावायचो. आजीने पाठवलेल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या त्या कामी आल्या.

आणि ताप आला तर तो मलेरियाच, असं तपासणी होईपर्यंत धरून चालायचं. तिथल्या प्रत्येक आईला हे पाठ असतं. एकदा रात्री अकराला लेकीचं अंग भाजत होतं, वीज गेलेली, नवरा चिल्वा सरोवराकडच्या गावात मुक्कामी. मी दार उघडून अंगणात आले तर म्लोंडा, म्हणजे रात्रीचा राखणदार, आधीच उठून उभा होता. त्याने काही विचारलं नाही. शेजारच्या घराच्या फाटकाशी जाऊन 'ओदी' म्हणाला. दारात उभं राहून आत येऊ का असं विचारायची ती तिथली रीत. आतून 'ओदीनी' आलं आणि दहा मिनिटांत शेजारची परिचारिका हातात बॅटरी आणि तपासणीची पट्टी घेऊन माझ्या पलंगापाशी बसली होती. बोटाच्या टोकाला टोचून एक थेंब, मग पंधरा-वीस मिनिटांची वाट. एकच रेघ उमटली. मलेरिया नव्हता. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला लावलं, कारण पहिल्या दिवशी जंतू कमी असले तर पट्टीवर दिसत नाहीत. निघाला तो कानाचा संसर्ग. त्या परिचारिकेचे शब्द माझ्या कानात अजून आहेत: 'पेपानी, पेपानी.' हा शब्द 'माफ करा' यासाठी वापरतात, आणि तुझं दुःख मला कळतं यासाठीही.

तिची स्वतःची मुलं रोज गोळी घेत नव्हती. कुठलाही देश आपल्या सगळ्या मुलांना वर्षानुवर्षं रोज प्रतिबंधक गोळी देऊ शकत नाही. तिथल्या मुलांचं संरक्षण मच्छरदाणी, वेळेवर तपासणी आणि आता लस यांवर आहे. मलेरियाची पहिली लस, आरटीएस-एस, नेहमीच्या लसीकरणात द्यायला जगात सर्वांत आधी सुरुवात केली ती मलावीने, २३ एप्रिल २०१९ रोजी. पाचव्या महिन्यापासून चार डोस. मलावीसह तीन देशांतल्या अनुभवावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची शिफारस केली. स्थानिक मुलांच्या शरीरात वारंवारच्या आजारातून थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, म्हणून मोठी माणसं मलेरियाने सहसा दगावत नाहीत. माझ्या मुलीच्या अंगात ती मुळीच नव्हती, त्यामुळे एक चावा तिला जास्त धोक्याचा. पण ती प्रतिकारशक्ती येते कशी, तर पाच वर्षांच्या आतल्या तापांतून, आणि ते ताप ज्यांना झेपत नाहीत ती मुलं जातात. 'इथल्या मुलांना सवय असते' असं एखादा पाहुणा सहज बोलून जायचा. त्या सवयीची किंमत कोण मोजतं हे त्याला ठाऊक नसायचं.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते सिकेलोच्या दिवशी. सिकेलो म्हणजे तराजू, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या तपासणीच्या दिवसालाही तोच शब्द. आंब्याच्या झाडाच्या फांदीला काटा टांगलेला. आया मुलांना झोळीवजा चड्डीत घालून त्या काट्याला अडकवतात. मुलं रडतात, आया टाळ्या वाजवून लशीची आणि दूध पाजण्याची गाणी म्हणतात. प्रत्येकीच्या हातात आरोग्याची वही असते. मलावीत रुग्णाची नोंद रुग्णाजवळच राहते, ही पद्धत मला फार आवडली. मी लेकीला तिथेच घेऊन जायची, अमायी त्यांच्या धाकट्या मुलीला. दोघी एकाच महिन्यात जन्मलेल्या.

आरोग्य सेवकाने दंडाची पट्टी काढली. ही पट्टी आपल्याकडे मेळघाटातल्या अंगणवाडीताईंच्या हातातही असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवा, ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा, ११.५ च्या खाली लाल. माझ्या लेकीचा १४.२ भरला. तिच्या मागोमाग अमायींच्या मुलीचा १२.१. पिवळा. दोघी सकाळपासून एकाच ओसरीवर खेळल्या होत्या, एकाच कोंबडीमागे धावल्या होत्या. माझ्या मुलीच्या दंडावरचे ते दोन सेंटीमीटर आले होते अमायींच्या दिवसभराच्या कामातून. त्या माझ्या घरी होत्या तेव्हा त्यांची मुलगी आजीजवळ असायची, आणि आजीजवळ दुपारी खायला पातळ फाला, म्हणजे मक्याच्या पिठाची पेज.

मलावीत २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची १०० पैकी ३७ मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. यातला मोठा भाग पूर्ण उपाशी मुलांचा नाही. पोट मक्याने भरतं, पण प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं पुरेशी नसतात, आणि वारंवारच्या जुलाबांनी आहे तेही निघून जातं. उपाय तिथल्या मातीतलाच आहे. मका आणि सोयाबीन भाजून केलेलं 'लिकुनी फाला' हे पीठ मुलांसाठी वापरतात. अतिकुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं यांची पेस्ट असते. तिला तिथे 'चिपोंडे' म्हणतात. अशी पेस्ट दवाखान्यात दाखल न करता घरीच देऊन मुलं बरी होतात, हे ज्या कामांतून सिद्ध झालं, त्यातलं महत्त्वाचं काम ब्लांटायरच्या परिसरात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मार्क मॅनरी यांनी केलं. मुलाला आईसकट आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवलं की घरी बाकीची मुलं उघडी पडतात, शेत पडीक राहतं, हे त्यांनी तिथे राहून पाहिलं होतं. २००७ मध्ये जागतिक संस्थांनी हीच पद्धत स्वीकारली.

सिकेलोवरून परतल्यावर आम्ही दोघींनी एक साधा बदल केला. अमायींची मुलगी रोज त्यांच्याबरोबर यायला लागली. दोन मुलींचं जेवण एका पातेल्यात शिजू लागलं. परदेशी घरात मूल सांभाळायला बाई ठेवणं हे तिथे सर्रास आहे आणि त्यातून तिला पगार मिळतो, हे चांगलंच. पण तिचं मूल कोण सांभाळतं हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी तो सहा महिन्यांनी विचारला. लेखी करार, आजारपणाची पगारी रजा, मुदत संपताना देण्याची रक्कम हे सगळं आम्ही नीट केलं होतं. हा प्रश्न मात्र कुठल्याच कागदावर नव्हता.

जेवणाची चिंता मात्र निघण्यापूर्वी मी उगाच केली. मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा ही आपल्या उकडीची सख्खी बहीण. पालेभाजीत दाण्याचं कूट घालायची पद्धत तिथेही घरोघरी आहे, त्या कुटाला न्सिंजिरो म्हणतात. तळ्यातली वाळवलेली बारीक उसिपा मासळी भाजली की कोकणातल्या सुकटीचा वास येतो. तूर तर तिथे शेतोशेती. आपल्या सरकारने २०२१ पासून मलावीकडून वर्षाला ५०,००० टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला, तीच ही. जुलैत झोंब्याच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्या सोलत ओसरीवर बसलं आणि वरून 'चिपेरोनी'चा बारीक गार पाऊस सुरू झाला, की महाबळेश्वराखालच्या कुठल्याही गावात बसल्यासारखं वाटायचं. आफ्रिकेत स्वेटर लागत नाही अशा समजुतीने येणाऱ्यांनी जून-जुलै लक्षात ठेवावा.

सरोवराबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण ते फार सुंदर आहे आणि मुलाला पाण्यात सोडायचा मोह होतो. उथळ, लव्हाळ्याच्या काठाशी राहणाऱ्या गोगलगायींमधून शिस्टोसोमा नावाच्या कृमीच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि अखंड कातडीतून शरीरात जातात. मोठ्यांसाठी प्राझिक्वांटेल हे स्वस्त औषध आहे. अगदी लहान मुलांना देण्याजोगी गोळी मात्र नव्हती. तीन महिने ते सहा वर्षं वयासाठीच्या गोळीला युरोपीय औषध नियामकांनी अनुकूल मत दिलं ते २०२३ च्या अखेरीस. आम्ही लेकीला काठावर बादलीत खेळवलं. रस्त्याची भीतीही कमी लेखू नये. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही आणि मुलाची खुर्ची गाडीत बांधलेलीच असली पाहिजे, हे दोन नियम आम्ही कधी मोडले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा पटकीची साथ सुरू झाली होती. २०२२-२३ ची ती साथ मलावीच्या इतिहासातली सर्वांत मोठी ठरली, १७०० हून अधिक माणसं गेली. जानेवारी २०२३ मध्ये ब्लांटायर आणि लिलाँग्वेच्या शाळा दोन आठवडे उशिरा उघडल्या. नवरा पहाटे निघून रात्री यायचा आणि दाराबाहेर कपडे उतरवून क्लोरीनच्या पाण्यात टाकायचा. लेक 'बाबा' म्हणत धावायची आणि मी तिला अडवून धरायची. पाणी उकळून, आंघोळीचंसुद्धा, कारण दोन वर्षांचं मूल आंघोळीचं पाणी पितंच. कपाटात ओआरएसची पाकिटं. आणि पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच तत्त्व वापरून हजारो जीव वाचवले होते, आणि ते या साथीच्या काळातच, ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. बातमी वाचली तेव्हा माझ्या हातात चमचा होता.

मग मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. दक्षिण मलावीत सलग दिवसरात्र पाऊस, ब्लांटायरच्या डोंगरउतारांवरची घरं चिखलाखाली, हजाराहून अधिक मृत किंवा बेपत्ता, साडेसहा लाखांहून जास्त लोक बेघर. आमच्या विमा कंपनीचा फोन आला: मुलीला जोहान्सबर्गला हलवायचं का? विमानाने काही तासांचं अंतर. संस्थेचा विमा, पासपोर्ट, लशींची कार्डं हे सगळं मी एका पिशवीत कायम तयार ठेवत असे, तसं ठेवावंच. त्या वेळी अमायी आणि त्यांच्या घरातली सहा माणसं आमच्या बैठकीच्या खोलीत होती, कारण त्यांच्या घराची भिंत पडली होती. दोन मुली एका गादीवर झोपल्या होत्या. फोनवरचा माणूस त्यातल्या एकीबद्दल विचारत होता.

आम्ही गेलो नाही, कारण आमचं घर उंचावर होतं आणि धोका टळला होता. गेलो असतो तर त्यात काही चूक नव्हती. मुलाला धोक्यात ठेवून कुणाशीही एकजूट सिद्ध होत नाही. पण त्या फोननंतर 'आम्ही तुमच्यासारखेच राहतो' हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. आम्ही शेजारी राहत होतो. सारखे राहत नव्हतो.

भाषेबद्दल निघताना मला धास्ती होती की वेगवेगळ्या भाषांत मूल गोंधळेल. लहान मुलं भाषांत गोंधळत नाहीत, ती माणसं वाटून घेतात. आमच्याशी मराठी, अमायींशी चिचेवा. 'माझी' म्हणजे पाणी, हे तिने मराठीतल्या 'माझी'च्या आधी शिकलं, त्यामुळे 'माझी बाहुली' म्हटलं की ती आधी पेल्याकडे बघायची. अमायी तिला चितेंजेच्या कापडाने पाठीवर बांधायच्या. त्याला 'कुबेरेका' म्हणतात. मूल पाठीवर बांधणं आणि मूल जन्माला घालणं, दोन्हीसाठी हा एकच शब्द आहे. एकदा पाणी समितीच्या बैठकीत लेक पेंगुळली तर तिथल्या एका आजीने, न विचारता, तिला माझ्याकडून घेतलं आणि आपल्या पाठीवर बांधलं. बैठक पुढे चालू. त्या दिवसापर्यंत त्या बायका नवऱ्याच्या प्रश्नांना 'हो, सगळं ठीक' एवढंच म्हणायच्या. त्या दिवशी पंपाची वर्गणी कुणी खाल्ली ते सांगितलं.

परदेशांत वाढणाऱ्या अशा मुलांवर पहिला अभ्यास केला तो रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी, आणि तो १९५० च्या दशकात भारतातच राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांवर. अशा मुलांना त्यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हटलं. कोडाईकनालला १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेत महाराष्ट्रात काम करणाऱ्या कुटुंबांची मुलंही होती. त्यांचा प्रश्न घर कुठलं हा असायचा. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. त्याला पुढे काहीच आठवणार नसतं. माणसाच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या वर्षाच्या असतात. पण जिच्या पाठीवर दोन वर्षं झोपलं ती बाई अचानक नाहीशी झाली, हे शरीराला कळतं. परतल्यावर लेक दोन महिने रात्री उठून दाराकडे जायची. म्हणून अशा कुटुंबांनी निरोपाची तयारी मोठ्यांइतकीच मुलाचीही करावी. निघायच्या आधी महिनाभर रोज विमानाची गोष्ट सांगावी, त्या माणसाचा फोटो आणि वापरातलं एखादं कापड बरोबर न्यावं, फोन चालू ठेवावा. आमच्याकडे अमायींचं निळं चितेंजे आहे. लेक ते पांघरून झोपते आणि ते कुठलं आहे हे तिला ठाऊक नाही.

गेल्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. लेक आता चार वर्षांची झाली आहे, चिचेवा पार विसरली आहे, फोनवर लाजून माझ्यामागे लपली. अमायींनी तिला बोलायचा आग्रह केला नाही. मला विचारलं, 'सिकेलो?' मी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्या काकांनी काट्यावरचं पोतं उतरवलं आणि तिला उभं केलं. पंधरा किलो चारशे. मी आकडा सांगितला, आणि तिकडून त्यांनी त्यांच्या मुलीचा सांगितला. चौदा किलो नऊशे.